चार डिस्क घ्या, पण चारही एका पेटीत ठेवू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात चौघं जण. फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं मिळून साधारण ३ टेराबाइट डेटा, तोही तीन लॅपटॉप आणि दोन पोर्टेबल डिस्कवर विखुरलेला. एक जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यात ८ टेराबाइटच्या चार डिस्क बसवून रेड ५ (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची एक पद्धत) करावं की तयार नास पेटी (नेटवर्कवरून घरातल्या सगळ्यांना फाइल देणारं छोटं मशीन) घ्यावी, रॅम किती लागेल, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, आणि बाहेरगावी असताना फोटो कसे बघता येतील, असं तुम्ही विचारलंय. पण मी अडलो ते मधल्या एका वाक्यापाशी: "रेड ५ केलं की एक डिस्क गेली तरी चालतं, म्हणजे बॅकअपचा प्रश्न मिटला." तो मिटत नाही. तुमच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीवर अवलंबून आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

रेडची कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली एका शोधनिबंधात मांडली. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान स्वस्त डिस्क एकत्र चालवायच्या, आणि त्यातली एखादी बंद पडली तरी काम थांबू द्यायचं नाही, असा तो विचार होता. ज्या कार्यालयात तासभर सर्व्हर बंद राहिला तर नुकसान होतं, तिथे त्याची किंमत कळते. तुमच्या घरी फोटो दोन दिवस दिसले नाहीत तर कुणाचं काही अडणार नाही. ते कायमचे गेले तर मात्र भरून येणार नाही. रेड पहिल्या संकटासाठी आहे, दुसऱ्यासाठी बॅकअपच लागतो. चुकून पुसलेलं फोल्डर, खंडणीखोर व्हायरस, बिघडलेला पॉवर सप्लाय, चोरी, आग, छतातून गळणारं पाणी, यातल्या कशातूनही रेड वाचवत नाही. तुम्ही फाइल पुसलीत की रेड ती सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी इमानेइतबारे पुसतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका परिचितांच्या घरी मी दोन डिस्कचा आरसा, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिणारं रेड १, लावून दिला होता. फोनमधले फोटो सर्व्हरवर आपोआप जावेत अशी सोय केली होती. ती सोय दोन्ही दिशांनी काम करत होती, आणि हे मी त्यांना नीट समजावलं नव्हतं. फोन भरला म्हणून त्यांनी जुने फोटो फोनमधून काढले, आणि रात्रीतून सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं झालं. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या आणि दोन्ही रिकाम्या. पाच दिवसांपूर्वी एका तिसऱ्या डिस्कवर प्रत काढून ती कपाटात ठेवलेली होती, तेवढ्यामुळे वाचलो. मधल्या पाच दिवसांचे फोटो गेले ते गेलेच.

म्हणून माझा सल्ला असा: चार डिस्क घ्यायची तयारी आहे ना, मग चारच घ्या. दोन सर्व्हरमध्ये आरसा करून लावा. तिसरी घरातच ठेवा, पण सुटी: आठवड्यातून एकदा जोडायची, प्रत झाली की काढून ठेवायची. चौथी कूटबद्ध करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करून, दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा विश्वासातल्या मित्राकडे ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिसरीशी अदलाबदल करा. अदलाबदल करायची म्हणजे तिसरीही कूटबद्धच हवी. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर हा ३-२-१ चा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. माध्यमं वेगळी असण्यावर मी घरासाठी फार अडून बसत नाही. एक प्रत विजेपासून आणि सर्व्हरपासून तुटलेली असणं आणि एक वेगळ्या छताखाली असणं, या दोन गोष्टींवर मात्र अडून बसतो. चौथ्या डिस्कऐवजी क्लाउडवर कूटबद्ध प्रत ठेवलीत तरी चालेल. ते तुमच्या इंटरनेटच्या अपलोड वेगावर अवलंबून आहे.

आता रेड ५ का नको ते सांगतो, कारण "आरशात अर्धी जागा वाया जाते" हा आक्षेप येणारच. रेड ५ मधली एक डिस्क गेली की नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. ८ टेराबाइटची डिस्क सरासरी १५० मेगाबाइट प्रतिसेकंदाने वाचली तरी जवळपास १५ तास लागतात, आणि त्या काळात कुणी सर्व्हर वापरत असेल तर त्याहून बरेच जास्त. हे सगळे तास उरलेल्या डिस्कवर कामाचा ताण असतो. बहुधा त्याही एकाच दिवशी घेतलेल्या, तितक्याच वयाच्या. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीचं प्रमाण १०¹⁴ बिटांमागे एक, म्हणजे साधारण १२.५ टेराबाइटमागे एक, असं दिलेलं असतं. इथे तुम्ही २४ टेराबाइट वाचणार आहात. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा चांगल्या वागतात, माझ्याकडे अशा भरण्या सुरळीत पार पडल्याही आहेत, त्यामुळे रेड ५ हमखास बुडतं असं मी म्हणणार नाही. पण आरशात एकच डिस्क वाचावी लागते. शिवाय सर्व्हर पूर्ण मोडला तरी आरशातली एक डिस्क काढून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या दुसऱ्या मशीनला जोडली की डेटा समोर असतो. तुमचा डेटा ३ टेराबाइट आहे, आरशाने मिळणारे ८ टेराबाइट काही वर्षं पुरतील. हाच डेटा ३० टेराबाइट असता तर मी सहा डिस्क आणि दोन डिस्क गेल्या तरी टिकणारं रेड ६ सुचवलं असतं. आणि जोडल्यावर ८ टेराबाइटच्या डिस्कवर ७.२७ दिसलं तर घाबरू नका: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

डिस्क घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: ती एसएमआर प्रकारची नसावी. एसएमआरमध्ये चुंबकीय पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नुसती साठवण म्हणून ती चालते, रेड भरताना मात्र वेग पार झोपतो. २०२० साली उघडकीला आलं की नाससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कसुद्धा एसएमआर होत्या आणि तसं कुठे स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं. तेव्हापासून मी नावावर विसंबत नाही, मॉडेल क्रमांक घेऊन माहितीपत्रकात सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवणारा प्रकार) हा शब्द शोधतो. नाससाठीच्या डिस्कचा आणखी एक गुण म्हणजे वाचताना अडली तर ती साधारण ७ सेकंदांत हात वर करते आणि तो भाग दुसऱ्या डिस्कवरून घेता येतो. साधी डिस्क कितीतरी वेळ झगडत बसते, आणि तेवढ्यात रेड कंट्रोलर ती मेली असं समजू शकतो.

नवी डिस्क आली की लगेच फोटो ओतू नका. आधी स्मार्टची (डिस्कने स्वतःची तब्येत तपासण्याची सोय) लांब चाचणी चालवा, मग एकदा पूर्ण डिस्क लिहून आणि वाचून काढा, मग पुन्हा लांब चाचणी. दोन-तीन दिवस जातील, जाऊ द्या. ज्या डिस्क लवकर जायच्या असतात त्यातल्या काही इथेच सापडतात आणि तेव्हा परत करता येतात. स्मार्टच्या लांबलचक तक्त्यात मी मुख्यतः तीन ओळी बघतो: ५, १९७ आणि १९८, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या भागांचे आकडे. त्या शून्य असाव्यात. ५ क्रमांकावर एखादा छोटा आकडा दिसून वर्षभर तिथेच थांबला तर मी लक्ष ठेवतो, पण आठवड्यागणिक वाढू लागला की त्या डिस्कचा हिशेब संपला. १९९ वाढत असेल तर डिस्क फेकायच्या आधी तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदलून बघा, दोष बहुतेक वेळा तिच्यातच असतो. जमल्यास आरशातल्या दोन डिस्क दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्या, म्हणजे एकाच घाण्यातल्या निघण्याची शक्यता कमी होते.

जुना डेस्कटॉप की तयार पेटी? याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही, ते तुमच्या वॅटमीटरवर आहे. सर्व्हर वर्षाचे ८७६० तास चालतो. सतत लागणारे दर १० वॅट म्हणजे वर्षाला ८७.६ युनिट. डेस्कटॉप काही न करता ६० वॅट खात असेल आणि एन१०० सारख्या प्रोसेसरचं छोटं मशीन १५ वॅटवर भागवत असेल, तर फरक वर्षाला साधारण ३९४ युनिटचा होतो. त्याला तुमच्या विजेच्या दराने गुणा आणि नव्या मशीनच्या किमतीशी ताडून बघा. डिस्कची वीज दोन्हीकडे सारखीच, ती मोजू नका. माझी पद्धत अशी की पहिले तीन महिने जुन्याच मशीनवर काढायचे. आपण नक्की काय वापरतो हे तेवढ्यात कळतं, आणि मग खरेदी चुकत नाही. फक्त त्याचा पॉवर सप्लाय आठ-दहा वर्षांचा असेल तर तो आधी बदला. डिस्कच्या जिवाशी थेट जोडलेला भाग तोच.

तयार पेटी कमी प्रतीची, असं मात्र मनात धरू नका. संध्याकाळी सर्व्हरशी खटपट करत बसायची आवड नसेल तर तीच योग्य. घेताना कंपनी त्या मॉडेलला किती वर्षं अपडेट देणार आहे आणि पेटी मोडली तर डिस्क साध्या लिनक्सवर वाचता येतील का, हे दोन प्रश्न विचारा. बऱ्याच पेट्या आत लिनक्सचंच रेड वापरतात, त्या वाचता येतात. यूएसबीच्या बहु-डिस्क पेटीवर मात्र रेड उभारू नका. तिची जोडणी मध्येच तुटते, ती पुष्कळदा स्मार्टची माहिती लपवते, आणि दोन्ही डिस्क एकदम नाहीशा झाल्या की आरसा गोंधळतो. बॅकअपच्या सुट्या डिस्कला यूएसबी ठीक आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमवर लोक जितका वेळ घालवतात तितका घालवू नका. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर उभं असलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट जुन्या मशीनवर हलकं चालतं. झेडएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत, तिच्याबद्दल खाली) हवी असेल तर ट्रूनास. लिनक्सची सवय असेल तर नुसतं डेबियनही पुरतं. ८ गिगाबाइट रॅममध्ये तुमचं काम होईल, पुढे फोटोंमधले चेहरे ओळखण्यासारखी कामं चालवायची तर १६ घ्या. "दर टेराबाइटला १ गिगाबाइट" हा नियम घरासाठी पाळायची गरज नाही. झेडएफएस रिकामी रॅम कॅशसाठी वापरते, म्हणून ती भरलेली दिसते, आणि ते पाहून लोक उगाच रॅम वाढवतात. ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी) बोर्डाला चालत असेल तर जरूर घ्या, नसेल तर तेवढ्यासाठी अडून राहू नका.

फाइल सिस्टीम मात्र विचार करून निवडा. झेडएफएस आणि बीटीआरएफएस लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी-खूण सोबत ठेवतात. वाचताना खूण जुळली नाही तर आरशातल्या दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घेऊन बिघडलेली दुरुस्त करतात. ईएक्सटी४ फाइलच्या मजकुराची अशी खूण ठेवत नाही, त्यामुळे फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी झालाय हे वर्षांनी तो उघडल्यावरच कळतं, आणि तोवर बॅकअपमध्येही तोच बिघडलेला फोटो जाऊन बसलेला असू शकतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या डेटाची तपासणी, म्हणजे स्क्रब, आपोआप चालेल असं वेळापत्रक लावा. या दोन्हींत स्नॅपशॉटही, म्हणजे त्या त्या क्षणी फाइल जशा होत्या तशा राखणाऱ्या नोंदी, मिळतात. तासाला एक असे दिवसभराचे, दिवसाला एक असे महिन्याचे ठेवा. वर सांगितलेल्या घरी ते असते तर पाच दिवसांचे फोटोही दोन मिनिटांत परत आले असते. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, डिस्कबरोबर तेही जातात.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. सर्व्हर राउटरला केबलनेच जोडा. गिगाबिट जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात, म्हणजे तुमचा ३ टेराबाइट डेटा साडेसात-आठ तासांत उतरेल, लहान लहान फाइल पुष्कळ असतील तर जास्त. वेग ११-१२ मेगाबाइटवर अडकला तर डिस्कला दोष देऊ नका. केबलमधली एखादी तार तुटली की जोडणी मुकाट १०० मेगाबिटवर उतरते, कारण त्या वेगाला आठातल्या चारच तारा लागतात. मग तेच काम तीन दिवस चालतं. आधी जोडणीचा वेग बघा, मग केबल बदला. २.५ गिगाबिट साध्या कॅट ५ई केबलवरही चालतं, पण फोटो आणि चित्रपटांसाठी त्याची आज गरज नाही. चित्रपटांचं म्हणाल तर टीव्ही ती फाइल थेट चालवू शकत असेल तर सर्व्हरला जवळपास काहीच काम नसतं. जुन्या मशीनची दमछाक होते ती ४के चित्रपट दुसऱ्या स्वरूपात बदलताना.

बाहेरून फोटो बघण्यासाठी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून सर्व्हरचं लॉगिन पान किंवा शेअर केलेली फोल्डरं इंटरनेटवर ठेवू नका. इथे मी कुणाच्याच परिस्थितीचा अपवाद करत नाही. घरगुती नास इंटरनेटवर उघडे सापडले की त्यातला डेटा कुलूपबंद करून खंडणी मागण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत वारंवार झालेत. त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा कूटबद्ध बोगदा, घ्या. वायरगार्ड हा त्याचा एक प्रकार २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ओळखीची किल्ली नसेल तर ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही समजत नाही. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमच्या सेवादात्याने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय. मग वायरगार्डसाठी पोर्ट उघडूनही उपयोग नाही, टेलस्केलसारखी तयार व्हीपीएन सेवा वापरावी लागेल. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या, आणि रोजच्या वापरात प्रशासकाचं खातं कुणीच वापरू नका, तुम्हीसुद्धा.

वीज जात असेल तर यूपीएस हवाच. तो यूएसबीने सर्व्हरला जोडून वीज गेल्यावर मशीन आपोआप नीट बंद होईल अशी व्यवस्था करा. नुसता यूपीएस म्हणजे बॅटरी संपेपर्यंतची सवलत.

आता ज्या गोष्टीने मला सर्वात जास्त घाबरवलं ती सांगतो. माझ्या स्वतःच्या सर्व्हरचा मदरबोर्ड एकदा गेला. मी निश्चिंत होतो. बाहेर ठेवलेली डिस्क आणली, जोडली आणि तिचा पासवर्ड शोधू लागलो. तो पासवर्ड ज्या तिजोरीत, म्हणजे पासवर्ड साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, होता ती तिजोरी त्याच मेलेल्या सर्व्हरवर चालत होती. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो हातात होते आणि उघडत नव्हते. सुदैवाने एका जुन्या फोनमध्ये त्या तिजोरीची प्रत राहून गेली होती. त्या दिवसापासून बॅकअपचा पासवर्ड कागदावर लिहून दोन पाकिटांत दोन ठिकाणी आहे. सोबत एक पानभर मजकूरही आहे: डिस्क कुठे आहेत, कोणत्या प्रोग्रामने उघडायच्या, आधी काय करायचं. ते पान बायकोला देऊन, मी काही न बोलता, तिच्याकडून एक फोल्डर परत मिळवून घेतलं. पहिल्यांदा ती दुसऱ्याच ओळीवर अडली. पान पुन्हा लिहिलं.

तुम्हीही हेच करा. दर तीन महिन्यांनी, सर्व्हर बंद आहे असं धरून, बाहेरची डिस्क वेगळ्या लॅपटॉपला जोडा आणि त्यातलं कुठलंही एक फोल्डर परत मिळवून उघडून बघा. फोटोंसाठी इमिचसारखा प्रोग्राम चालवणार असाल तर त्याच्या डेटाबेसचाही बॅकअप घ्या, तोही डेटाबेसच्या स्वतःच्या डंप, म्हणजे पूर्ण प्रत काढणाऱ्या, आज्ञेने. चालू डेटाबेसच्या फाइल तशाच कॉपी केल्या तर त्या परत उभ्या राहतीलच असं नाही.

आणि जुना डेटा सर्व्हरवर आणताना आवराआवर करत आणू नका. तीन लॅपटॉपवर तेच फोटो पुन्हा पुन्हा असतील, असू द्या. प्रत्येक उपकरणाच्या नावाचं एक फोल्डर करा, जसंच्या तसं उतरवा, चेकसम (प्रत मूळ फाइलसारखीच आहे ना हे दाखवणारा आकडा) जुळवा, दोन्ही बॅकअप होऊ द्या. दुहेरी फोटो काढायचं काम त्यानंतर, सवडीने. पोर्टेबल डिस्क वर्षभर तरी पुसू नका.

त्या पोर्टेबल डिस्कच खरं तर मला आत्ता सतावतायत. तुम्ही लिहिलंय की जुने फोटो "फक्त तिथेच" आहेत. सर्व्हर उभा राहायला दोन महिने लागोत, पण एवढं आज रात्रीच करा: लॅपटॉपवर जागा करून किंवा एक नवी डिस्क लगेच आणून त्या फोटोंची दुसरी प्रत काढा. स्मार्टची चाचणीसुद्धा प्रत झाल्यावरच चालवा, थकलेल्या डिस्कला आधी चाचणीला जुंपू नका. मग दोन्ही डिस्कचे ५, १९७ आणि १९८ चे आकडे आणि डेस्कटॉप नुसता चालू असताना किती वॅट घेतो ते कळवा. जुनं मशीन ठेवायचं की नाही, ते त्यावरून नक्की सांगता येईल.